कॉपर-६७ रुग्णापर्यंत पोहोचवायचे असेल, तर आधी बीमचे वेळापत्रक ठरवा

प्रति,
सचिव, अणुऊर्जा विभाग,
आणि
अध्यक्ष, अणुऊर्जा नियामक मंडळ,
मुंबई.

विषय : प्रतिपिंडाला जोडलेल्या किरणोत्सारी तांब्याने कर्करोगावर उपचार, पुरवठा, शुद्धता आणि नियमन यांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

किरणोत्सारी तांबे प्रतिपिंडाला जोडायचे आणि प्रतिपिंडाने ते कर्कपेशीपर्यंत वाहून न्यायचे, ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात जेराल्ड डीनार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात लिम-१ हा प्रतिपिंड कॉपर-६७ (तांब्याचे एक किरणोत्सारी रूप) जोडून नॉन-हॉजकिन्स लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाच्या, रुग्णांना दिला. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या १२ रुग्णांच्या एका गटात ७ जणांना प्रतिसाद मिळाला. इतक्या पुढे गेलेल्या आजारात हा निकाल उत्तम म्हणावा असा होता, तरीही ते औषध बाजारात आले नाही. त्यात मोठा वाटा पुरवठ्याचा होता. कॉपर-६७ येत होते अमेरिकेतल्या ब्रुकहेवन आणि लॉस अलामोस इथल्या मोठ्या त्वरकांवरून, म्हणजे कणांना वेग देऊन त्यांचा झोत (बीम) सोडणाऱ्या यंत्रांवरून. ते त्वरक मुळात भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी चालत आणि त्यांचे वेळापत्रकही त्याच प्रयोगांप्रमाणे ठरे. रुग्णाची दुसरी मात्रा द्यायची वेळ आली आणि त्वरक बंद असला, की उपचार तिथेच थांबत.

भारतात या उपचाराचा विचार होत असताना नेमकी हीच गोष्ट आम्हाला आपल्यापुढे ठेवायची आहे. कोणता प्रतिपिंड, कोणता कर्करोग, कोणते रुग्णालय हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या शुद्धतेचे तांबे मिळेल याची हमी आधी हवी. ती नसताना सुरू केलेली चाचणी रुग्णांवर अन्याय करते.

तांबेच का

ल्युटेशियम-१७७ आपल्याकडे ध्रुव अणुभट्टीत तयार होते आणि त्यावर देशभर उपचार चालतात. मग नवा धातू कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर तांब्याच्या जोडीत आहे. कॉपर-६४ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायचा काळ, १२.७ तास. त्याच्या सुमारे १७.५ टक्के विघटनांत पॉझिट्रॉन निघतो, म्हणून पेट स्कॅन होतो. कॉपर-६७ चे अर्धायुष्य ६१.८ तास. त्याच्या प्रत्येक विघटनात बीटा कण निघतो, सरासरी ऊर्जा सुमारे १४१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ल्युटेशियमच्या जवळपास तेवढीच. शिवाय जवळपास निम्म्या विघटनांत १८५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण मिळतो, त्यावर उपचार चालू असतानाच गॅमा कॅमेऱ्याने चित्र घेता येते. दोन्ही एकाच मूलद्रव्याचे असल्याने रसायनशास्त्र अगदी एक. कॉपर-६४ लावलेला प्रतिपिंड यकृतात किती गेला, गाठीत किती गेला हे मोजले, की त्याच प्रतिपिंडावरचे कॉपर-६७ कुठे किती जाईल याचा हिशेब थेट मांडता येतो. गॅलियमने पाहायचे आणि ल्युटेशियमने उपचार करायचा, यात धातू बदलतो. धातू बदलला की रेणूचा आकार व विद्युतभार बदलतो आणि अंदाजात फट पडते.

दुसरा फायदा कचऱ्याचा. अणुभट्टीत थेट मार्गाने केलेल्या ल्युटेशियम-१७७ सोबत ल्युटेशियम-१७७एम थोडेसे येते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १६० दिवस आहे. रुग्णालयाच्या साठवण टाक्यांना त्याचा त्रास होतो. कॉपर-६७ ची दहा अर्धायुष्ये २६ दिवसांत संपतात आणि उरते स्थिर जस्त.

मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. पूर्ण आकाराचा प्रतिपिंड रक्तात अनेक दिवस फिरतो आणि गाठीत त्याचा साठा वाढत जातो. ४८ तासांनी कॉपर-६४ फक्त ७ टक्के उरलेले असते. म्हणजे त्याने पहिल्या दोन दिवसांचे चित्र मिळेल, पाचव्या दिवसाचे नाही. पाचव्या दिवसाची मोजणी उपचाराच्या मात्रेवरच, कॉपर-६७ च्या गॅमावर करावी लागेल. आज जगात कॉपर-६७ च्या ज्या चाचण्या सर्वांत पुढे आहेत त्या लहान रेणूंच्या आहेत, प्रतिपिंडांच्या नव्हेत. पेशीत व रक्तात त्यांचा वेग या अर्धायुष्याला जास्त जुळतो. म्हणून प्रतिपिंडाचे तुकडे, म्हणजे एफएबी किंवा एफएबी-२ रूपे, योजनेत पहिल्या दिवसापासून असावीत.

थंड तांब्याचा हिशेब

या साऱ्या विषयाचा गाभा एका आकड्यात आहे. १ गिगाबेकरेल (किरणोत्साराचे एकक) कॉपर-६७ मध्ये तांब्याचे वजन असते फक्त ३६ नॅनोग्रॅम. मोलमध्ये सांगायचे तर अर्ध्या नॅनोमोलपेक्षा जेमतेम जास्त. याउलट किरणोत्सारी नसलेले साधे, म्हणजे थंड तांबे १ मायक्रोग्रॅम जरी कुठून मिसळले, तर ते होते जवळपास १६ नॅनोमोल, तीस पट. १ मिलिग्रॅम प्रतिपिंड म्हणजे साधारण ६.७ नॅनोमोल. त्याच्या प्रत्येक रेणूवर धातू पकडणारे दोन चिलेटर बसवले, तर एकूण जागा तेरा-चौदा नॅनोमोल. म्हणजे एका मायक्रोग्रॅम थंड तांब्याने साऱ्या जागा भरून जातात आणि औषधी तांबे बाहेर फिरत राहते.

हे तांबे येते कुठून? स्टेनलेस स्टीलची सुई, हॉट सेलमधली (किरणोत्सारी माल हाताळायच्या जाड भिंतींच्या कोठीतली) पितळी जोडणी, साध्या प्रतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल, आधी दुसऱ्या कामाला वापरलेली काचेची भांडी. टार्गेटच्या, म्हणजे बीमखाली ठेवायच्या मूळ पदार्थाच्या, मागे थंडाव्यासाठी तांब्याची तबकडी असेल आणि तिच्यावरच्या सोन्याच्या मुलाम्याला बारीकसा चरा गेला असेल, तर आम्लात विरघळवताना तेच तांबे थेट मालात उतरते. म्हणून टार्गेटची पाठ भरीव सोन्याची किंवा ऱ्होडियमची घ्यावी, आम्ले अतिशुद्ध धातुमुक्त प्रतीची, नळ्या व सुया प्लास्टिकच्या, आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) धातू शोषणाऱ्या चिलेक्स राळेवरून काढलेला. खर्च थोडा वाढतो, पण वाया गेलेल्या एका बॅचपेक्षा तो कमीच.

याच कारणासाठी ध्रुव अणुभट्टीत नैसर्गिक तांबे ठेवून केलेले कॉपर-६४ प्रतिपिंडांच्या कामाला चालणार नाही. तिथे मूळ पदार्थच तांबे असतो. किरणोत्सारी अणू आणि थंड अणू रासायनिक रीतीने वेगळे करणे शक्य नाही. कॉपर क्लोराइड म्हणूनच द्यायचे असेल तर त्याचा उपयोग होतो. प्रतिपिंडाला मात्र वाहकमुक्त, म्हणजे थंड तांबे न मिसळलेला, माल लागतो.

आमचा प्रस्ताव असा : वापराच्या वेळी एकूण १ मिलिग्रॅम तांब्यामागे किमान १.८५ टेराबेकरेल कॉपर-६७, हा निकष विभागाने लेखी ठरवावा. सैद्धांतिक कमाल २८ टेराबेकरेल आहे, म्हणजे आम्ही अशक्य काही मागत नाही. या निकषाने ३.५ गिगाबेकरेलच्या मात्रेसोबत जास्तीत जास्त १.९ मायक्रोग्रॅम तांबे येईल आणि ५ मिलिग्रॅम प्रतिपिंडावरच्या निम्म्याहून कमी जागा ते व्यापेल. पुरवठादाराने फक्त एकूण किरणोत्साराचा आकडा देऊन थांबू नये. नोटा किंवा टेटा या चिलेटरने अनुमापन करून प्रत्यक्ष बांधणीची क्षमता प्रत्येक बॅचसोबत कळवावी, आणि विघटन झाल्यावर राखीव नमुन्याची आयसीपी-एमएस (धातूंचे सूक्ष्म प्रमाण मोजणारी) चाचणी करून तांबे, जस्त, निकेल व लोह यांचे आकडे मागाहून पाठवावेत. बांधणी बिघडली तर दोष रेणूत आहे की मालात, हे या एका कागदावरून कळते.

पहिले पाऊल : कॉपर-६४, आहे त्या सायक्लोट्रॉनवर

कॉपर-६४ साठी नवे यंत्र लागत नाही. निकेल-६४ वर प्रोटॉनचा मारा केला की न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि कॉपर-६४ तयार होते. ११ ते १४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन त्याला पुरतात. एफडीजी (पेट स्कॅनचे नेहमीचे औषध) बनवणाऱ्या रुग्णालयांच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे वर्तुळाकार त्वरकात, ही ऊर्जा असते. कोलकात्याच्या सायक्लोन-३० या सायक्लोट्रॉनमध्ये तर ३० पर्यंत जाता येते. कमी आहे ती घन टार्गेट ठेवण्याच्या व्यवस्थेची, आणि टार्गेट हॉट सेलपर्यंत हात न लावता नेणाऱ्या वाहिनीची. बहुतेक ठिकाणी फक्त द्रव टार्गेट बसवलेले आहे.

निकेल-६४ निसर्गात १ टक्क्याहूनही कमी असते, म्हणून समृद्ध निकेल विकत घ्यावे लागते आणि ते महाग असते. अमोनियाकल द्रावणातून सोन्याच्या तबकडीवर पन्नासेक मिलिग्रॅम निकेलचा थर विद्युतमुलाम्याने चढवायचा. थर खरखरीत किंवा भेगाळ झाला तर बीमखाली तो सुटतो आणि टार्गेट-कोठी निकेलच्या धुळीने माखते. त्यामुळे मुलाम्याचा प्रवाह कमी ठेवून सावकाश चढवणे हाच उपाय. बीमनंतर तबकडी गरम ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून ऋणायन-विनिमय राळेच्या स्तंभावर घालायची. ६ मोलर आम्लात निकेल सरळ खाली उतरते, ४ मोलरला कोबाल्टचे अंश निघतात आणि शेवटी अर्धा मोलर किंवा त्याहून विरळ आम्लाने तांबे सुटते. घाई करून मधली कोबाल्टची धुलाई आखडती घेतली, तर निकेलच्या इतर समस्थानिकांपासून तयार झालेले कोबाल्ट-५५ आणि कोबाल्ट-५७ मालात येते. पैकी ५७ चे अर्धायुष्य २७२ दिवस. पहिल्या टप्प्यात उतरलेले निकेल फेकायचे नाही, त्यावरच पुढच्या आठवड्याचा मुलामा चढतो. ही पुनर्प्राप्ती ज्या केंद्राला जमली नाही, त्याला कॉपर-६४ परवडणार नाही.

वेळापत्रक असे बसते : सोमवारी रात्री बीम, पहाटे विलगीकरण, मंगळवारी सकाळी रवानगी. कोलकात्याहून मुंबईला दारापासून दारापर्यंत आठ तास धरले तर ६५ टक्के माल हातात उरतो. मंगळवारी दुपारी मात्रा द्यायची, त्याच संध्याकाळी, बुधवारी आणि गुरुवारी स्कॅन. शुक्रवारी मात्रेचे गणित तयार. हा क्रम वर्षभर चालवून दाखवावा आणि चुकलेल्या प्रत्येक आठवड्याची नोंद कारणासह जाहीर करावी. निदान दोन सायक्लोट्रॉन हे काम करू शकतील अशी तयारी हवी. एकाच यंत्रावर विसंबले की त्याच्या वार्षिक देखभालीच्या काळात सारे थंडावते.

दुसरे पाऊल : कॉपर-६७

इथे खरी गुंतवणूक आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

प्रोटॉनने कॉपर-६७ करता येते. झिंक-६८ वर साधारण ७० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन टाकले की ते मिळते, पण सोबत कॉपर-६४ कितीतरी जास्त येते आणि ते वेगळे होत नाही, थांबून विघटन होऊ द्यावे लागते. झिंक-७० वरचा मार्ग सायक्लोन-३० च्या आवाक्यातला आहे आणि माल स्वच्छ मिळतो. उत्पादन मात्र तोकडे, आणि झिंक-७० निसर्गात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. प्रयोगशाळेतल्या कामाला तो मार्ग चांगला, रुग्णसंख्येला पुरणारा नाही.

आज जगात चालणारा मार्ग प्रकाश-अणुकेंद्रीय, म्हणजे गॅमा किरणांनी अणुकेंद्र बदलण्याचा, आहे. अमेरिकेत आयडाहो स्टेट विद्यापीठाच्या त्वरक केंद्राने आणि आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने तो उभा केला, आणि आता खासगी कारखानाही त्याच मार्गाने माल काढतो. साधारण ४० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन टंगस्टन किंवा टँटलमच्या जाड पत्र्यावर आदळवायचे. तिथे निघालेले गॅमा किरण मागच्या झिंक-६८ मध्ये शिरतात, अणुकेंद्रातून प्रोटॉन बाहेर काढतात आणि कॉपर-६७ उरते. ही क्रिया सुरूच होते १० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमाला, आणि जोर धरते ती २० च्या आसपास. म्हणून खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रातला १० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा त्वरक, निर्जंतुकीकरणासारख्या कामाला कितीही उपयोगी असला, तरी इथे चालणार नाही. त्याची क्षमता वाढवून काम भागेल असे कुणी सुचवले तर कृपया हा आकडा पुढे ठेवावा. ३५ ते ४० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, काही दहा किलोवॉट शक्तीचा, याच कामाला वाहिलेला त्वरक लागेल. त्वरक बांधण्याचे ज्ञान तुर्भे (ट्रॉम्बे) आणि इंदूर इथल्या विभागाच्या केंद्रांत आहे. निर्णय हवा आहे.

जस्त समृद्धच का हवे? साध्या जस्तात निम्मे झिंक-६४ असते. गॅमाने त्यातला एक न्यूट्रॉन उडाला की झिंक-६३ होते आणि त्याचे ३८ मिनिटांच्या अर्धायुष्याने स्थिर कॉपर-६३ बनते. झिंक-६६ मधून प्रोटॉन गेला की स्थिर कॉपर-६५. म्हणजे साध्या जस्तात बीम स्वतःच थंड तांबे तयार करत असतो, आणि ते नंतर कोणत्याही रसायनाने निघत नाही. शिवाय झिंक-६६ पासून २४४ दिवसांचे झिंक-६५ होते आणि टार्गेट हाताळणाऱ्यांच्या अंगावर पडणाऱ्या किरणोत्सारात भर पडते. झिंक-६८ निसर्गात १८ टक्क्यांच्या वर आहे, त्यामुळे समृद्धीकरण निकेल-६४ इतके महाग पडत नाही.

जस्तात आधीपासून असलेले तांबेही तितकेच घातक. १०० ग्रॅमच्या टार्गेटमध्ये दशलक्षात एक भाग तांबे असले, तर ते झाले १०० मायक्रोग्रॅम. त्या टार्गेटमधून ३७ गिगाबेकरेल कॉपर-६७ निघाले, तर त्याचे वजन १.३ मायक्रोग्रॅम. वर मागितलेला निकष पाळायचा तर जस्तातले तांबे दशलक्षात ०.२ भागापेक्षा बरेच कमी हवे. उपाय आहे : बीमआधी जस्त निर्वातात तापवून ऊर्ध्वपातनाने वर चढवून घ्यायचे. जस्त वाफेने वर जाते, तांबे खाली राहते. बीमनंतर हीच युक्ती पुन्हा वापरायची. जस्त वर जाऊन पुढच्या टार्गेटसाठी जमा होते, खाली राहिलेले कॉपर-६७ आम्लात उचलून राळेच्या स्तंभावर शुद्ध करायचे. तापमान घाईने चढवले तर जस्त उसळून तांब्याचे कण सोबत नेते आणि उतारा घटतो.

बीमखाली टार्गेट वितळू नये याकडेही लक्ष हवे. जस्ताचा वितळबिंदू ४२० अंश सेल्सियसच्या आतच आहे. कोठी आणि जस्त यांच्यात बारीक पोकळी राहिली तर उष्णता बाहेर जात नाही, मधला भाग वितळतो आणि कोठीची वेल्डिंग ताणली जाते. प्रत्येक कोठीची गळती-चाचणी आणि क्ष-किरण तपासणी बीमआधी झालीच पाहिजे.

हिशेब सोपा आहे. शुक्रवारी रात्री बीम सुरू, सोमवारी सकाळी बंद, म्हणजे जवळपास एक अर्धायुष्य, संपृक्त (बीम कितीही वेळ चालवून मिळू शकणाऱ्या कमाल) उत्पादनाच्या निम्मे. सोमवारी विलगीकरण, मंगळवारी रवानगी, बुधवारी दुपारी मात्रा. बीम थांबल्यापासून ५२ तास गेले, म्हणजे ५६ टक्के उरले. विलगीकरण आणि बांधणीत दहा-दहा टक्के गेले असे धरा. एका रुग्णाला ३.५ गिगाबेकरेल द्यायचे तर बीम थांबताना सुमारे ८ गिगाबेकरेल हवे. आठवड्याला चार रुग्ण म्हणजे ३२. त्वरकाची शक्ती या आकड्यावरून ठरवावी. उलटे, म्हणजे मिळेल त्या त्वरकावरून रुग्णसंख्या ठरवणे नको.

शुद्धता तपासणाऱ्यांसाठी एक सूचना. कॉपर-६७ आणि गॅलियम-६७ दोघांचेही विघटन होऊन झिंक-६७ च बनते, त्यामुळे ९३ आणि १८५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेषा दोघांतही दिसतात. प्रोटॉन मार्गाच्या मालात गॅलियम-६७ राहून गेले तर घाईच्या तपासणीत ते कॉपर म्हणून मोजले जाईल. ३०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा पाहावी : गॅलियममध्ये ती ठळक असते, कॉपरमध्ये एका टक्क्याहून कमी. याशिवाय दोन्ही समस्थानिकांचे प्रमाण-नमुने भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार करून रुग्णालयांच्या मात्रामापकांचे अंशांकन कुपी आणि सिरिंज दोन्हींसाठी वेगवेगळे करून द्यावे.

बांधणी : कुठे बिघडते

तांबे पकडणारा रेणू निवडताना सवयीने डोटा घेऊ नये. ल्युटेशियमला तो उत्तम, पण तांब्याला तो घट्ट धरत नाही. शरीरात तांबे त्यातून सुटते आणि यकृतातल्या प्रथिनांकडे जाते. डेव्हिसच्या रुग्णांच्या रक्तात, तिथला चिलेटर डोटापेक्षा बरा असूनही, काही कॉपर-६७ सेरुलोप्लाझ्मिन या तांबे वाहणाऱ्या रक्तातल्या प्रथिनावर सापडले होते. क्रॉस-ब्रिज्ड सायक्लॅमचे रेणू तांबे फार पक्के धरतात, पण काहींना बांधणीसाठी ९० अंशांच्या वर तापवावे लागते आणि तेवढ्या उष्णतेत प्रतिपिंड संपतो. नोटा किंवा सार्कोफॅजिन कुळातले रेणू खोलीच्या तापमानाला, काही मिनिटांत तांबे घेतात. सार्कोफॅजिनचा पाया ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन सार्जेसन यांनी घातला, आणि तांब्याच्या औषधांत तो देश आज पुढे आहे त्याचे एक कारण हेच.

बाजारातल्या कुपीतला प्रतिपिंड थेट वापरू नये. ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या कर्करोगावरच्या प्रतिपिंडाच्या कुपीत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असते आणि हिस्टिडिन तांब्याला चिकटते. आधी बफर बदलून घ्यायचा, पीएच ८.५ ते ९ ला चिलेटर जोडायचा, जादा चिलेटर ३० किलोडाल्टनच्या गाळणीतून पूर्ण काढायचा. हा उरला तर तांबे त्यालाच लागते आणि लघवीतून निघून जाते. प्रत्येक प्रतिपिंडावर एक ते तीन चिलेटर एवढेच ठेवावेत. पाच-सहा झाले की प्रतिपिंड लक्ष्याला ओळखेनासा होतो आणि यकृत त्याला लगेच उचलते. मग पीएच ५.५ ते ६.५ च्या अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये कॉपर घालून ३७ अंशांना अर्धा-पाऊण तास. शेवटी सौम्य इडीटीए (सुटा धातू पकडणारे रसायन) घालून पाच-दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे सुटे तांबे त्यात अडकते, आणि स्तंभावरून गाळून घ्यायचे.

कॉपर-६७ ची मोठी मात्रा कुपीत ठेवली की बीटा किरणांनी पाण्यात मुक्तमूलक तयार होतात आणि प्रतिपिंड मोडू लागतो. जेंटिसिक आम्ल किंवा अल्ब्युमिन घालावे. एस्कॉर्बेट घालायचे असेल तर तांबे पूर्ण बांधले गेल्यावरच. आधी घातले तर ते तांब्याचे अपचयन करते आणि मोडतोड उलट वाढते.

सोडण्याआधी चार तपासण्यांना पर्याय नाही : इडीटीएच्या द्रावणात आयटीएलसी पट्टी (सुटे तांबे वर जाते आणि प्रतिपिंड तळाशी राहतो); आकारानुसार रेणू वेगळे करणारी एचपीएलसी (प्रतिपिंडाचे गोळे झालेत का ते पाहायला); एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचे विष; आणि निर्जंतुक गाळणी अखंड आहे का हे पाहणारी बबल-पॉइंट चाचणी. लिंडमो पद्धतीने लक्ष्य ओळखण्याची क्षमता प्रत्येक नव्या चिलेटर-बॅचला मोजावी. पट्टीवर ९८ टक्के शुद्ध दिसणारा माल लक्ष्याला ४० टक्केच चिकटतो असे होऊ शकते, आणि मग तो माल रुग्णाला द्यायचा नाही.

रुग्ण आणि नियम

महाराष्ट्रात तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग पाहता ईजीएफआर (अशा कर्कपेशींवर भरपूर असणारे प्रथिन) हे लक्ष्य स्वाभाविकपणे पुढे येते. पण ईजीएफआर निरोगी यकृतातही भरपूर असते. आधी थंड प्रतिपिंड देऊन यकृतातल्या जागा भराव्या लागतात. कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप रुग्णालयाने कॉपर-६४ ट्रास्टुझुमॅबच्या आधी ४५ मिलिग्रॅम थंड ट्रास्टुझुमॅब दिले, तेव्हा यकृतातला साठा बराच उतरला. आपल्या रुग्णांसाठी हे प्रमाण कॉपर-६४ च्या वर्षातच शोधले पाहिजे, कारण जास्त दिले तर गाठीतल्याही जागा भरतात.

मात्रेला लगाम अस्थिमज्जा घालते. प्लेटलेट उतरतात त्या लगेच नाही, चार ते आठ आठवड्यांनी. रुग्ण तोवर गावी परतलेला असतो. म्हणून बारा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासण्याची सोय रुग्णाच्या तालुक्यातच करून देणे हा चाचणीच्या आराखड्याचा भाग असावा आणि खर्च चाचणीने उचलावा. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातली (नॅशनल कॅन्सर ग्रिड) रुग्णालये यासाठी आहेतच. प्लेटलेट १ लाखाच्या खाली असतील, मज्जेत आजार मोठ्या प्रमाणावर पसरला असेल किंवा विल्सनचा आजार (शरीरात तांबे साठत जाण्याचा) असेल, तर रुग्णाला या चाचणीत घेऊ नये.

नियामक मंडळाकडे आमची मागणी स्वतंत्र निकषांची आहे. आयोडीन-१३१ चे नियम कॉपर-६७ ला जसेच्या तसे लावू नयेत. आयोडीन मुख्यतः लघवीतून जाते. प्रतिपिंडावरचे तांबे यकृतातून पित्तात आणि मग विष्ठेत जाते, तेही सावकाश. रुग्णाला घरी सोडण्याची मर्यादा, शौचालयाची व्यवस्था आणि घरच्यांना द्यायची सूचना यावरून ठरली पाहिजे. कॉपर-६७ च्या १८५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला अर्धा मिलिमीटर शिसे निम्म्यावर आणते. कॉपर-६४ च्या ५११ ला चार-पाच मिलिमीटर लागतात. एकाच खोलीत दोन्ही हाताळली जाणार असल्याने सिरिंजचे कवच कॉपर-६४ च्या मापाचे हवे. ल्युटेशियमसाठी घेतलेली कवचे पुरतील असे गृहीत धरून परवाना दिला जाऊ नये.

येत्या अर्थसंकल्पाआधी विभागाने तीन गोष्टी लेखी जाहीर कराव्यात अशी विनंती आहे : कॉपर-६४ साठी निवडलेले दोन सायक्लोट्रॉन आणि त्यांचा ठरलेला वार, थंड तांब्याचा स्वीकारार्ह निकष, आणि ४० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या त्वरकाबाबत होय किंवा नाही. उत्तर नाही असेल तर तेही कळवावे, म्हणजे रुग्णालये कॉपर-६७ आयातीच्या करारांची बोलणी आत्ताच सुरू करतील. आयातीत विमानाचे दोन दिवस धरले, तर निघाल्यापैकी ५८ टक्के माल पोहोचतो आणि मागणी त्याच प्रमाणात वाढवून नोंदवावी लागते.

आपले,
मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथील रेडिओफार्मासिस्ट, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ व न्यूक्लियर मेडिसिनमधील कार्यकर्ते